सरकारला जेसन, ग्राहकाला पीडीएफ: ऑर्डर ते बिल, कागदपत्रं थेट सिस्टिममधून कशी पाठवावीत

रबाळे एमआयडीसीतल्या रबर पार्ट्सच्या एका कारखान्यात मी गेली चौदा वर्षं डिस्पॅच आणि बिलिंग सांभाळते. आमचं प्रत्येक बिल गाडी गेटबाहेर पडण्याआधी जेसन फाइल (यंत्राला थेट वाचता येणारी माहिती) होऊन सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर, म्हणजे जीएसटी बिलांच्या ऑनलाइन नोंदणीला जातं आणि ६४ अक्षरी आयआरएन (नोंदीचा क्रमांक) व क्यूआर कोड घेऊन काही सेकंदांत परत येतं. मग आम्ही त्याच बिलाची पीडीएफ काढून ग्राहकाला ईमेल करतो. ग्राहकाच्या ऑफिसात कुणीतरी ती उघडतं आणि एकेक आकडा पुन्हा टाइप करतं. काही ग्राहकांच्या पोर्टलवर तर तेच बिल आम्हीच हातानं भरायचं असतं. यंत्राला वाचता येईल अशी माहिती आपल्याकडे तयार आहे, ती सरकारला जाते, आणि ज्याच्याकडे माल जातो त्याला मात्र तिचं चित्र मिळतं.

ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर असलेल्या जवळपास सगळ्यांना लागू झालं. त्यामुळे महापे, पावणे, तुर्भे, वागळे इस्टेट इथल्या बहुतेक मध्यम कारखान्यांचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. उरलेलं अर्धं कसं करायचं, ते इथं लिहिते आहे. स्वतःचा आयटी विभाग नसलेल्या, टॅली किंवा एखादं लहान ईआरपी (सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवलं आहे.

आधी एका ऑर्डरच्या मागे चालत जा

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस काढा. गेल्या आठवड्यातली कुठलीही एक ऑर्डर घ्या आणि वही घेऊन तिच्या मागे फिरा. पीओ (ग्राहकाचा खरेदी आदेश) कुणाच्या मेलवर आली, ती कुणी कुठं टाइप केली, प्लॅनिंगच्या एक्सेलमध्ये कुणी उतरवली, मालासोबतचं चलन कशावरून बनलं, बिल कशावरून, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद) कशावरून. मग ग्राहकाला फोन करून पुढचं विचारा: गेट एन्ट्री, आवक, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), अकाउंट्स. आम्ही हे केलं तेव्हा एकच पार्ट नंबर सात वेळा टाइप होतो असं दिसलं. तीनदा आमच्याकडे, चारदा ग्राहकाकडे.

दुसरं काम डेबिट नोटांचं, म्हणजे ग्राहकानं बिलातून पैसे कापल्याच्या कागदांचं. गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोटा काढा आणि दोन गठ्ठे करा: माल खराब म्हणून आलेल्या आणि कागद जुळला नाही म्हणून आलेल्या. आमचा दुसरा गठ्ठा जाड निघाला. दर जुळत नाही, पीओची ओळ जुळत नाही, युनिट वेगळं, प्लांट वेगळा. हा गठ्ठा जपून ठेवा. पुढे कुठल्या चुका तपासायच्या, याची तयार यादीच ती.

कागद न जुळण्याच्या खर्चात गाडीभाडंही धरा. ठाण्यातून जाणाऱ्या अवजड गाड्यांना ठरावीक वेळांतच सोडतात. भिवंडीच्या गोदामाच्या गेटवर कागद जुळेना म्हणून गाडी दीड तास अडकली, की परतीची वेळ हुकते आणि ड्रायव्हर रात्रभर तिथंच राहतो.

पहिला ग्राहक, पहिला कागद

सगळ्यात मोठ्या ग्राहकापासून सुरुवात करू नका. जिथं फोन उचलला जातो, ज्याच्याकडे स्वतःची सिस्टिम समजणारा एक तरी माणूस आहे आणि ज्याला महिन्याला तीस-चाळीस बिलं जातात, असा ग्राहक निवडा. बिलं यापेक्षा कमी असतील तर अडचणी दिसायलाच सहा महिने लागतात.

पहिला कागद मी विक्रीचं बिल धरते, कारण त्याची जेसन फाइल आधीच बनते आहे. ई-इन्व्हॉइसच्या सरकारी नमुन्यात दोन ऐच्छिक जागा आहेत आणि बहुतेक सॉफ्टवेअर त्या मोकळ्या सोडतात. एक, ग्राहकाच्या पीओचा क्रमांक आणि तारीख. दुसरी, प्रत्येक आयटमसमोर पीओमधल्या ओळीचा संदर्भ. या दोन जागा भरल्या की ग्राहकाची सिस्टिम बिल थेट पीओशी लावू शकते. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला पहिलं हेच काम सांगा.

तो कामाला लागला की लगेच कळेल, पीओच्या ओळीचा नंबर आपल्या सिस्टिममध्ये आहेच कुठं? मार्केटिंगनं पीओ टाइप करताना तो कधी घेतलाच नव्हता. म्हणून दुसरा कागद पीओ. ग्राहकानं ती पीडीएफऐवजी फाइलच्या रूपात पाठवायची आणि आपण टाइप न करता आत घ्यायची. त्यानंतर डिस्पॅचची आगाऊ सूचना, आणि शेवटी ग्राहकाकडून येणारी जीआरएन. हा क्रम मला पटलेला आहे. वाहन उद्योगातल्या पुरवठादारांचं सगळं काम डिलिव्हरी शेड्युलवर चालतं, त्यांनी शेड्युलपासून सुरू केलं तर तेही योग्यच.

क्यूआर कोडवर भिस्त ठेवून थांबू नका. त्यात दोघांचे जीएसटी नंबर, बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या, मुख्य आयटमचा एचएसएन (मालाच्या प्रकाराचा संकेत) आणि आयआरएन असतो. गेटवर बिल खरं आहे की नाही हे तपासायला तो उत्तम. पण पीओ नंबर त्यात नसतो, आणि ओळवार तपशीलही नसतो.

ग्राहकाची अजून काहीच तयारी नसेल तर त्याला एक गोष्ट सांगा. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून आपल्या नावे आलेली बिलंही जेसनमध्ये उतरवून घेता येतात. त्याला काही खर्च नाही. त्याच्या अकाउंट्सच्या माणसानं एकदा ती फाइल उघडून पाहिली, की पुढची चर्चा सोपी होते.

शब्दांचा तक्ता: इथं घाई करू नका

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. फाइल इकडून तिकडे नेणं आठवड्याचं काम आहे. दोन्हीकडे एका शब्दाचा एकच अर्थ व्हावा, याला आम्हाला अडीच महिने लागले.

आमचाच अनुभव सांगते. एक ग्राहक ओ-रिंग हजाराच्या हिशोबानं घेतो. त्याच्या पीओत लिहिलेलं असतं: संख्या १२, युनिट हजार, दर १,८५०. आमच्या सिस्टिममध्ये तोच आयटम नगावर, दर १ रुपया ८५ पैसे. इतकी वर्षं टाइप करणारा माणूस मनातल्या मनात गुणाकार करत होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. नवा मुलगा आला, त्यानं १२ नग टाकले. पॅकिंगला गेल्यावर स्टोअरचे काका म्हणाले, “ताई, हे गिऱ्हाईक बारा नग कधीच घेत नाही, बारा हजार घेतं. परत बघा.” पीओ थेट सिस्टिममध्ये येऊ लागली की हा कागद काकांच्या नजरेखालून जाणारच नाही. म्हणून काकांना जे माहीत आहे ते आधी लिहून काढायचं. मी त्यांच्याशेजारी दोन दुपार बसले आणि प्रत्येक चालू आयटमसमोर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ऑर्डर येते ते लिहून घेतलं. आता त्या मर्यादेबाहेरची संख्या आली की पीओ आपोआप थांबते आणि माणसाकडे येते.

तक्ता साध्या शीटमध्ये करा. एका बाजूला ग्राहकाचा शब्द, दुसऱ्या बाजूला आपला, तिसऱ्या रकान्यात कुणी आणि कधी ठरवलं. त्यात या गोष्टी हव्यातच.

आयटम कोड. ग्राहकाचा एक कोड म्हणजे आपला एकच कोड असं गृहीत धरू नका. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की आपण नवा कोड करतो, ग्राहक जुनाच चालू ठेवतो. रिव्हिजन वेगळ्या रकान्यात घ्या.

युनिट आणि दराचा आधार. जीएसटीची युनिटची ठरलेली यादी आहे, त्यात नग, डझन, ग्रोस, हजार, किलो, मीटर या सगळ्यांना तीन अक्षरी संकेत आहेत. दोघांनी तेच वापरा. पण दर एका नगाचा, शंभराचा की हजाराचा, हे वेगळं लिहा. युनिट जुळलं म्हणजे दराचा आधार जुळला असं होत नाही.

प्लांट. एका राज्यात एकाच जीएसटी नंबराखाली कंपनीचे अनेक प्लांट असू शकतात. महापे, तळोजा आणि चाकण, तिन्हीकडे तोच २७ नं सुरू होणारा १५ अक्षरी नंबर. त्यावरून माल कुठं उतरवायचा ते कळत नाही. ग्राहकाचा प्लांट कोड घ्या. त्यांच्याकडे बारकोडच्या जीएस१ संस्थेचा १३ आकडी जीएलएन (ठिकाणाचा क्रमांक) असेल तर आणखी चांगलं.

तारीख. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आपापसातल्या फाइलींत वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा, २०२५-०४-०३. सरकारी ई-इन्व्हॉइसमध्ये मात्र दिवस/महिना/वर्ष लागतं, तेव्हा बदल कुठल्या टप्प्यावर होतो ते तक्त्यात नोंदवा.

पैशांची गोळाबेरीज. प्रत्येक ओळीवर कर काढून बेरीज केली आणि समोरच्यानं एकूण रकमेवर कर काढला, तर काही पैशांचा फरक पडतो आणि तेवढ्यावरून बिल अडकतं. एक रुपयापर्यंतचा फरक चालेल, हे लेखी ठरवा.

बिलाचा क्रमांक. जीएसटीच्या नियमानं तो १६ अक्षरांपर्यंत असतो आणि त्यात तिरकी रेघ चालते. पण फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, आणि काही सिस्टिम ती गुपचूप काढून टाकतात. मग पेमेंटच्या वेळी क्रमांक जुळत नाही. जमलं तर पुढच्या १ एप्रिलपासून तिरकी रेघ नसलेली मालिकाच सुरू करा.

आणि एक्सेलविषयी कळकळीनं सांगते: सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) डबल क्लिक करून उघडू नका आणि तशीच सेव्ह तर मुळीच करू नका. ००४५१८ हा कोड ४५१८ होतो. १३ आकडी बारकोड घातांकात दिसू लागतो आणि तसाच सेव्ह झाला की मागचे आकडे गेले. ‘१२ई४’ असा पार्ट नंबर इंग्रजी अक्षरात असेल तर एक्सेल त्याला एक लाख वीस हजार समजतं. बघायचीच असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, किंवा एक्सेलमध्ये रकाना ‘टेक्स्ट’ ठरवून आयात करा.

कुठल्या रूपात, कुठल्या वाटेनं

ग्राहकाकडे ठरलेला नमुना असेल तर तोच घ्या. परदेशी कंपन्या, त्यातही वाहन आणि रिटेलमधल्या, एडिफॅक्ट किंवा अमेरिकन एक्स१२ हे कागदपत्रांचे ठरलेले नमुने मागतात. त्यांची नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. एक्स१२ मध्ये ८५० म्हणजे खरेदी आदेश, ८५६ म्हणजे डिस्पॅचची आगाऊ सूचना, ८१० म्हणजे बिल. एडिफॅक्टमध्ये त्यांनाच ऑर्डर्स, डेसॅडव्ह, इन्व्हॉइक म्हणतात. आत माहिती तीच असते. हे रूपांतर स्वतः लिहायला बसू नका. अनुवाद करून देणारी सेवा महिन्याच्या भाड्यानं घ्या, तिला तुमचं जेसन किंवा सीएसव्ही द्या. शब्दांचा तक्ता मात्र स्वतःच्या हातात ठेवा, सेवा बदलली तरी तो तुमच्याकडेच राहिला पाहिजे.

दोन्ही कंपन्या इथल्याच असतील आणि नमुना ठरलेला नसेल, तर बिलासाठी सरकारी ई-इन्व्हॉइसचाच जेसन वापरा. तो दोघांच्या सॉफ्टवेअरला आधीच माहीत आहे. टॅली वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की टॅली बाहेरून एक्सएमएल (जेसनसारखाच यंत्राला वाचता येणारा फाइलचा प्रकार) घेऊ शकते, त्यामुळे पीओ आत घेण्यासाठी मधला लहानसा प्रोग्रॅम पुरतो.

वाटेचं म्हणाल तर लहान प्रमाणावर एसएफटीपी फोल्डर (इंटरनेटवरून सुरक्षितपणे फाइल ठेवायची-उचलायची जागा) पुरेसं आहे. ग्राहक त्याच्या सर्व्हरवर एक ‘आवक’ आणि एक ‘जावक’ फोल्डर देतो, आपण ठेवायचं आणि उचलायचं. पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीची जोडी वापरा आणि ती एकाच माणसाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. फाइल चढवताना तात्पुरत्या नावानं चढवा आणि पूर्ण चढल्यावर खरं नाव द्या, नाहीतर समोरची सिस्टिम अर्धवट फाइल उचलते. पावसाळ्यात आमच्याकडे नेट मधूनच जातं, तेव्हा हे फार उपयोगी पडलं.

मोठे ग्राहक फाइल पाठवण्याची एएस२ ही पद्धत मागतात. त्यात फाइल कुलूपबंद आणि सहीसकट जाते, आणि मिळाल्याची सही केलेली पोच परत येते. त्याची सर्टिफिकेटं मुदतीची असतात. मुदत संपली की व्यवहार एका रात्रीत बंद. मुदतीच्या ४५ दिवस आधीची आठवण ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा. एपीआय (दोन सिस्टिमनी एकमेकींशी थेट बोलण्याची सोय) दोन्हीकडे सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं असतील तरच घ्या.

पाठवलं म्हणजे मिळालं नाही

सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या फोल्डरमध्ये आम्ही रोज बिलं ठेवत होतो आणि निश्चिंत होतो. त्यांच्याकडे फोल्डर वाचणारं काम बंद पडलेलं होतं. अकरा दिवसांनी पेमेंटच्या फोनवर कळलं की एकही बिल आत गेलेलं नाही. तेव्हापासून आम्ही तीन पोचा वेगवेगळ्या मागतो. पहिली, फाइल पोहोचली. दुसरी, वाचता आली. एडिफॅक्टमध्ये हे काम कॉन्ट्रल नावाचा संदेश करतो, एक्स१२ मध्ये ९९७. तिसरी, मान्य झाली किंवा अमुक ओळीवर अमुक कारणानं अडली. साध्या एसएफटीपीवरही तिन्ही करता येतात: ग्राहकाची सिस्टिम त्याच नावाची छोटी उत्तर-फाइल परत ठेवते.

ठरलेल्या वेळेत पोच आली नाही तर कुणाला मेसेज जायचा, ते नावानिशी ठरवा. आमच्याकडे सकाळी साडेनऊ आणि दुपारी चार, अशी दोनदा अडलेल्यांची यादी बघितली जाते. पोच आली नाही म्हणून तीच फाइल पुन्हा पाठवावी लागते, तेव्हा दुबार नोंदीची भीती असते. इथं आयआरएन कामी येतो. तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि क्रमांक यांतून बनतो, त्यामुळे एका बिलाचा एकच. ग्राहकाला सांगा, हा आयआरएन आधी आलेला असेल तर नवी नोंद करू नका, जुनीच पोच परत पाठवा.

जीआरएनची उलटी फाइल मिळवण्यासाठी चिवटपणे मागे लागा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ही मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. तो दिवस कुठला, यावरच वाद होतो. जीआरएन तारखेसकट सिस्टिममधून आली की वादाला जागा कमी राहते.

रद्द आणि दुरुस्ती

हे सगळे विसरतात. आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतो, आणि चालू ई-वे बिल असेल तर तेव्हाही नाही. रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की सहसा क्रेडिट नोटच (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. तेव्हा बिल रद्द झाल्याची फाइल आणि क्रेडिट नोटेची फाइल, दोन्ही पहिल्या दिवसापासून ठरलेल्या असू द्या. क्रेडिट नोटेत मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख हवीच. पीओतल्या बदलांचंही तसंच: ग्राहकानं बदललेली ओळ पाठवावी की पूर्ण पीओ नव्यानं? मी पूर्ण पीओ, नव्या आवृत्ती क्रमांकासह, मागते. बदललेल्या ओळी जोडत बसण्यात चुका होतात.

दोन महिने दोन्ही चालवा

पीडीएफ लगेच बंद करू नका. किमान दोन महिने दोन्ही पाठवा आणि रोज पाच बिलं हातानं ताडून पाहा. या काळात एक महिनाअखेर आलीच पाहिजे आणि शक्य असेल तर ३१ मार्च ते १ एप्रिलचा बदल, कारण तेव्हा बिलांची मालिका बदलते. मुद्दाम चुकीच्या फाइलीही पाठवून बघा: चुकीचं युनिट, संपलेली पीओ, तेच बिल दोनदा, तुटकी फाइल, ऑर्डरपेक्षा जास्त माल. डेबिट नोटांचा तो जाड गठ्ठा इथं काढा आणि त्यातली प्रत्येक चूक पुन्हा घडवून पाहा. सिस्टिमनं ती पकडली तरच पुढे जा.

टाइप करणाऱ्या माणसांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्याकडे पीओ टाइप करणारी मुलगी आज शब्दांचा तक्ता सांभाळते. नवा आयटम तिच्या होकाराशिवाय चालू होत नाही. ग्राहकाच्या कागदातल्या खाचाखोचा तिच्याइतक्या कुणालाच माहीत नव्हत्या.

ग्राहकासोबत दोन पानांचं पत्र सह्या करून ठेवा. कुठली फाइल, किती वाजेपर्यंत, पोच किती वेळात, नेट बंद पडलं तर काय, दोन्हीकडचे दोन-दोन फोन नंबर, आणि फाइलींची जपणूक. जीएसटीसाठी नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, तेव्हा मूळ फाइल आणि तिची पोच दोन्ही तेवढा काळ ठेवा. एक कलम ठळक घाला: बँक खात्यातला बदल कधीही फाइलमधून किंवा मेलमधून मान्य होणार नाही. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून, लेखी खात्री झाल्यावरच तो होईल. खोट्या मेलवरून खातं बदलून पैसे भलतीकडे गेल्याचे प्रकार घडतात, आणि ते पैसे परत मिळवणं फार कठीण असतं.

दुसऱ्या ग्राहकाकडे जाताना तक्त्याची नवी प्रत काढून ग्राहकाचा रकाना तेवढा रिकामा करा. आपला रकाना तसाच राहतो. पहिल्याला आम्हाला अडीच महिने लागले होते, दुसऱ्याला पाच आठवडे, आणि त्यातले तीन आठवडे त्यांच्या युनिटच्या यादीवरच गेले.